निळ्या मार्करची रेघ

सरांनी माझ्या बापाच्या उघड्या पाठीवर निळ्या मार्करने रेघ ओढली. मानेपासून खांद्यापर्यंत, तिथून खाली पाठीच्या मध्यापर्यंत.

"हा ट्रॅपेझियस स्नायू. ह्याच्या पाठीवर नीट बघून घ्या. पुस्तकात असा दिसायचा नाही."

ह्याच्या. सर असतील तिशीचे. माझा बाप पंचेचाळिशी ओलांडलेला. आणि मी समोर वही घेऊन उभी. हा माझा बाप आहे, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं.

बाबा राहनाळच्या गोदामात हमाल. कापडाच्या गाठी पाठीवर घ्यायच्या आणि थप्पीला लावायच्या, वीस वर्षं हेच. घासून घासून मानेखालचं कातडं निबर झालं होतं, तिथे उंचवटा आला होता. मी भिवंडीत मसाजचा सहा महिन्यांचा कोर्स करत होते. अकलोलीच्या गरम कुंडांजवळ एखाद्या हॉटेलात नोकरी लागेल, एवढीच आशा.

वर्गाची एक रीत होती. जिची तिने घरून चादर आणायची, टेबलावर अंथरून झोपायचं, आणि जोडीदारणीने बोटांनी स्नायू शोधायचा. मग अदलाबदल. पहिल्या दिवशी सरांनी आडनावं विचारली. त्यानंतर माझी जोडी कधी जमलीच नाही. "तू बघून शीक," सर म्हणायचे. माझी चादर पिशवीतच घडी घातलेली राहायची. दोन महिने मी बघून शिकले. हाताची विद्या, आणि मी डोळ्यांनी शिकत होते.

एकदा सर म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या अंगावर नुसती चरबी. कष्टाचं शरीर आहे का कुणाच्या ओळखीत?"

मी हात वर केला. बाबांचा उजवा खांदा तीन महिने ठणकत होता. कुंडात शेकून आले तरी गुण नव्हता. वाटलं, सर बघतील, काही सांगतील. "गोदामातले एक काका आहेत, सर," मी म्हणाले. काका. मला बापाची लाज वाटली. हे लिहायला आजही जड जातं, पण खरं तेच आहे.

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मी वळख दावनार न्हाय. तू घाबरू नको." ठरलेल्या दिवशी ड्युटी बुडवून, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. आणि तो सदरा काढून तासभर उभे राहिले.

सरांनी एकेक स्नायू आखला. मुली पुढे येऊन बघून जात होत्या. कुणी पेनाच्या टोकाने दाबून बघितलं, कुणी पट्टीने. हात एकीनेही लावला नाही. मसाजचा वर्ग तो.

मग सरांनी बाबांचा उजवा हात धरून वर नेला. "आता हळूहळू खाली आण." हात अर्ध्यावर आला आणि दगडासारखा खाली पडला. मांडीवर आपटल्याचा आवाज झाला. पोरी हसल्या. बाबाही हसले. ते हसणं मला सहन झालं नाही.

"बघितलं? आतला स्नायू फाटलाय."

"सायेब, लय दुखतं. काय लावू?" बाबांनी विचारलं.

वर्गातली स्नेहल म्हणाली, "हो सर, याला उपाय काय?" दापोड्याला तिच्या घरची गोदामं.

"उपाय काय? दुसरा हमाल." सर हसले. "ह्या लोकांना सोसतं गं."

बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते मागे सरकले आणि टेबलाच्या कडेला टेकले. स्नेहलने ओरडून टेबलावरची आपली चादर ओढून घेतली. सर म्हणाले, "ए, खाली बस रे, खाली."

आणि बाबा खाली बसले. फरशीवर. माझ्याकडे न बघता. अजूनही ओळख लपवत होते.

"ते माझे बाबा आहेत," मी म्हणाले.

मी पिशवीतून माझी चादर काढली, टेबलावर अंथरली. "बाबा, वर बसा."

"ऱ्हाऊ दे गो बाय."

"वर बसा."

ते बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खवाट्याच्या, पाठीवरच्या त्या चपट्या हाडाच्या, वरच्या बाजूला बोटं गेली आणि आत रुतली. तिथे खळगा होता. ज्या स्नायूचं नाव मी आठ दिवस घोकत होते, तो बाबांच्या अंगावर जेमतेम उरला होता. मी हाताने ओळखलेला हा पहिला स्नायू.

"घरचं घरी बघा," सर म्हणाले.

"सर, एकदा हात लावून बघा. मग जाते."

त्यांनी मार्करला टोपण लावलं. आम्ही निघालो. जिन्यात बाबा म्हणाले, "काका म्हनालीस तेच बरं व्हतं. तुझं शिक्षण बुडलं."

मी तिथेच बसून रडले.

शाई चार दिवस गेली नाही. गोदामात सगळे विचारायचे, हे काय गोंदवलंय? बाबा सांगायचे, "माज्या पोरीचा अभ्यास हाय." ती पाठ घेऊन ते पुन्हा गाठी उचलत होते. तो हात कधीच बरा झाला नाही. शेवटपर्यंत बुद्धवंदनेला बसले की डाव्या हाताने उजवा उचलून कपाळापर्यंत न्यायचे.

त्या वर्गात मी परत गेले नाही. विद्या दुसरीकडून मिळवली, वेळ लागला. आता राहनाळला माझी एक खोली आहे, शिकायला मुली येतात. कुणा कष्टकऱ्याला उघडं करून मी उभं करत नाही. स्नायू शिकायचा तर आधी स्वतःची पाठ द्यायची. आणि पहिल्या दिवशी शिकणारणीने, गोदामातून जो दुखणाईत येईल त्याला नाव विचारायचं, आपल्या चादरीवर बसवायचं आणि हात लावायचा. हातमोजा नाही, पेन नाही.

परवा एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यांच्या अंगाला घामाचा वास येतो."

मी तिची चादर घडी करून तिच्या हातात दिली आणि तिला जायला दार उघडलं.