तळहातावरचं दही

पाहुण्यांना घालवून द्यायला माझ्या सासूबाईंइतका उतावीळ माणूस अख्ख्या धुळ्यात दुसरा नसेल, तेही पोटभर जेवू घालून. लढाईच्या काळात त्या पुण्याकडच्या लष्करी दवाखान्यात नर्स होत्या. लढाई संपून दहाएक वर्षं झाली, तरी दवाखाना त्यांच्यातून सुटला नव्हता. दारात आलेल्यानं आधी जीभ दाखवायची, मग चहा. पोस्टमन तर सायकलवरून उतरतानाच जीभ बाहेर काढायचा. पाहुण्याची चादर त्या इतकी ताणून खोचत, की आत शिरलेल्याला सकाळी कोणी सोडवीपर्यंत कूस बदलता येत नसे. नातवंडांना त्या नावानं नव्हे, खाटेच्या नंबरानं हाक मारत. आमची धाकटी चार नंबर. ती अशक्त, म्हणून तिला प्रत्येक पदार्थ दोनदा वाढायचा.

गावाला निघालेल्याच्या तळहातावर आपल्याकडे दही ठेवतात, त्यानं परत यावं म्हणून. सासूबाई ते कधीच करीत नसत. आम्ही जळगावला निघालो की उंबऱ्यातून म्हणत, "जा आते, जवाईबापू. परत येवानं नही." मी भिडस्त माणूस. लग्नापासून मला वाटे, माझंच काही चुकलं असणार. मोटार पारोळ्याला पोचेपर्यंत मी मुक्कामातले आपले अपराध आठवत बसे. एकदा तूप जास्त मागितल्याचं आठवलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

एका सुट्टीत मी आमच्या शाळेच्या अंकासाठी त्यांच्यावरून मुलांची गोष्ट रचली. खारूताई नर्स आणि जखमी शिपाई ससा. ओट्यावर मुलांना वाचून दाखवली. ससा चादरीत अडकतो तिथं मुलं लोळली. शेंगा सोलणाऱ्या सासूबाईही हसल्या. शेवटी ससा बरा होऊन निघतो आणि खारूताई त्याच्या पंजावर दही ठेवते. सासूबाईंचा हात थांबला.

"ते दही काढी टाका," त्या म्हणाल्या.

मी कारण विचारलं. हातातल्या शेंगेलाच सांगावं तसं त्यांनी सांगितलं. एक पोरगेला शिपाई बरा होऊन निघाला, तेव्हा घरच्या सवयीनं त्यांनी त्याच्या हातावर दही ठेवलं होतं. दवाखान्यातून निघालेल्याच्या! काही महिन्यांनी तो परत आला, एक पाय गमावून. स्ट्रेचरवरूनच हसून म्हणाला, आई, तुम्हीच बोलावलं होतंत ना? त्यानं थट्टा केली होती. त्यांना ती कधीच थट्टा वाटली नाही.

"मना हातनं दही खाईसन ऊना तो," त्या म्हणाल्या, जणू त्या दह्यानंच त्याला परत आणलं होतं.

चार नंबरनं विचार केला. "पण आजी, गोळी तर लढाईत लागली. दही नसतं तर त्याला दुसऱ्याच दवाखान्यात नेलं असतं. तिथं त्याला दोनदा कोणी वाढलं असतं?"

सासूबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या. दही गोष्टीत राहिलं. त्यांच्या दुखण्यावर बोट ठेवलं म्हणून मी मात्र रात्रभर तळमळलो, तोही त्या चादरीत, जागच्या जागी.

सकाळी निघताना त्या वाटी घेऊन बाहेर आल्या. आधी माझी जीभ पाहिली, मग तळहातावर दही ठेवलं. 'या' म्हणाल्या नाहीत. ओठ नुसते हलले. पारोळं मागं पडलं तरी त्या दिवशी मला एकही अपराध आठवला नाही.

आता त्या नाहीत. धुळ्याला आम्ही अजून जातो, निघताना मेहुण्याची बायको न चुकता दही ठेवते. हात पुढे करण्याआधी माझी जीभ आपोआप बाहेर येते. पाहणारं कोणी नसतं, मग मी ती हळूच आत घेतो.