आधी गावातली कामं

इंदिरानगरला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ रविवारी टीव्हीवर गेम खेळतात. त्यातली ड्रॅगनला मारायची मुख्य मोहीम सोडून ते खेड्यातल्या लोकांच्या हरवलेल्या शेळ्या शोधत बसतात. परवा ते एका आजारी म्हातारीसाठी जडीबुटी घेऊन निघाले होते.

“अहो, आधी राजाला भेटा! जन्मभर शेळ्याच राखणार का?” मी चिडवलं.

“ड्रॅगन कुठं पळून जातोय? बरं, चला, तुमच्यासाठी,” म्हणत ते राजवाड्यात गेले.

राजाशी बोलणं होताच कथा पुढे सरकली आणि ड्रॅगननं ते अख्खं गाव जाळून टाकलं. मी हादरलो. माझ्या घाईनं हे झालं होतं.

जळक्या घरांमधून त्यांनी म्हातारीचं दार शोधलं आणि जडीबुटी उंबऱ्यावर ठेवली. मग कंट्रोलर माझ्या हातात दिला.

“घ्या. मारा तुमचा ड्रॅगन.”