सापाच्या पेटीखालचा पट्टा

नातीनं वाढदिवसाला साप मागितला आणि माझ्या लेकानं आणला. तांबूस पिल्लू, हातभर लांब, करंगळीएवढं जाड. विषारी नव्हतं. त्याचं खाणं आमच्या फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाच्या मागं. उंदराची गोठवलेली पिल्लं. सून म्हणायची, "आमचा डबा कधी वेळेवर झाला नाही, पण साहेबांचं टाइमटेबल बघा!"

दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला आमचा फ्लॅट. सगळे ऑफिसला, शाळेला गेले की घरात मी आणि तो. एसी चोवीस तास. त्याच्या काचेच्या पेटीखाली एक गरम होणारा पट्टा होता. त्यावर तो वेटोळं करून पडायचा.

नागपंचमीला आमच्यात तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत. नागाचा फणा भाजतो म्हणतात. मी पुरणाची दिंडं उकडली. लेकानं बर दुबईच्या बाजारातून लाह्या आणलेल्या, त्या पेटीपुढं ठेवल्या. हात जोडले आणि पट्ट्याकडं लक्ष गेलं. म्हटलं, आपण तवा ठेवत नाही, आणि हा जिता नाग तव्यावरच निजलाय. बटण बंद केलं. नात मैत्रिणीकडं राहायला गेली होती. ती दुसऱ्या दिवशी यायच्या आत परत लावलं.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्याला खायला घातलं होतं. तिसऱ्या दिवशी तो ओकला. अर्धंमुर्धं, घाण वास. नात रडत रडत पुसत होती.

त्याला दाखवलं तो प्राण्यांचा डॉक्टर हिंदीत बोलायचा. त्यानं पहिलं हेच विचारलं, ऊब बंद पडली होती का? खाऊन गारठ्यात राहिला की पचत नाही, पोटातच सडतं. तसं असेल तर औषध नको, दोन आठवडे नुसती विश्रांती द्या.

"नो, नेव्हर," नात म्हणाली.

"चोवीस तास ऑन असतं," लेक म्हणाला.

मी तिथंच खुर्चीवर होते. सगळं कळलं. तोंड उघडलं नाही.

मग डॉक्टर म्हणाला, पोटात जंतू असतील. औषध दिलं. लेक रोज त्याचा जबडा उघडून नळी घालायचा. ते इवलंसं अंग पिळवटायचं. कणा वर आला. एक दिवस नातीनं त्याची कातडी चिमटीत धरली. "लुक आज्जी, खाली जातच नाही."

मला दाखवायला नको होतं. माझं पहिलं पोर आठ महिन्यांचं, जुलाबानं गेलं. त्याच्या पोटाची कातडी अशीच उभी राहायची. पाणी पाजू नको, अजून वाढेल, असं सासू म्हणाली आणि मी पाजलं नाही. तेव्हाही गप्पच बसले होते.

तिथंच नातीला सांगितलं, बटण मी बंद केलं होतं.

लेकानं डॉक्टरला फोन लावला. औषध थांबवलं. चार दिवस राहिला तो. पाचव्या सकाळी पट्ट्यावर सरळ पडला होता, वेटोळं न करता.

"खलास, आई. मनाला लावून घेऊ नको," लेक म्हणाला.

नात एवढंच म्हणाली, "यू शुड हॅव टोल्ड मी, आज्जी." आणि आत गेली.

पेटी अजून तिथंच आहे, रिकामी. पट्टा नात बंद करू देत नाही. "उगाच बिल येतं," म्हणून सून कुरकुरते. मी केर काढताना काचेखाली तळवा लावून बघते. गरम असतो. बटणाला हात लावत नाही.