उजव्या कोपऱ्यातली चिठ्ठी

निसारच्या नंबरावरून फोन वाजला, तेव्हाच मला कळलं की पलीकडे निसार नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं मला फोन केला नव्हता. कुपवाडच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, उमेदीची वर्षं काढून त्याचे कान गेले होते, आणि कानात घालायचं यंत्र त्यानं "ह्यात नुसता खरखराट हाय" म्हणून कपाटात ठेवून दिलं होतं. आमचं बोलणं एकतर लिहून, नाहीतर समोरासमोर, तो माझ्या ओठांकडं बघत. त्या दुपारी मी त्याला "रविवारी येतोय" एवढा निरोप पाठवला होता आणि साताऱ्यात आमच्या अंगणात खाट टाकून पेंगत होतो. फोनवर त्याचा पुतण्या होता. "काका, चाचा गेले... खुर्चीतच, काम करता करता." मी "बरं" म्हणालो. बरं काय म्हणालो, देव जाणे! बराच वेळ मला वाटत राहिलं, की हे त्या पेंगेतलंच काहीतरी आहे, आणि नीट जागा झालो की जाईल.

आम्ही दोघांनी सांगलीत ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. त्याचे वडील कुलपं दुरुस्त करायचे. आम्ही औंधकडचे, आमच्या घरात पोरगं उंचीला भरलं की थेट भरतीला. मी दोन बोटं कमी पडलो, म्हणून बंदुकीऐवजी नकाशे आखायची टी-स्क्वेअर हातात आली. तो कुपवाडला लागला, मी साताऱ्यात शिकवायला. संध्याकाळी कृष्णेकाठी गेलो की मला उगाच वाटायचं, हे पाणी आता निसारच्या गावाला निघालंय, त्याच्या घाटावरून जाईल, तो बघेल. त्याला सांगितलं तर म्हणाला, "येतं की. पर तुजं नाव न्हाई लिवलेलं त्याच्यावर." नावाचं त्याला भारी वेड. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, कागद केवढाही असो, नावाची चौकट खाली उजव्या कोपऱ्यात. कुणीही ड्रॉइंग उघडलं की आधी तिथं बघतं. पुढं लग्नपत्रिका हातात आली तरी निसारची नजर आधी खाली उजवीकडं जायची.

नोकरी संपल्यावर त्यानं घराच्या तळमजल्यावर कॉम्प्युटर मांडला आणि कुपवाडच्या छोट्या कारखान्यांची ड्रॉइंगं करू लागला. कोण ना कोण मोटारसायकलवरून यायचं, ऑइलच्या हातानं नमुना टेबलावर ठेवायचं आणि जायचं. तो कॉम्प्युटर बघून माणूस बिचकायचा. पडद्यावर एक चित्र नाही, दाबायला एक बटण नाही, माऊस तर खणात. नुसता काळाभोर पडदा, आणि निसारची बोटं चालली की त्याच्यावर चौकटी उमटायच्या. एक उघडली की पूर्ण पडदा तिचा; दुसरी आली की अर्धा अर्धा; तिसरी आली की पुन्हा वाटणी. एकीवर एक चढायची नाही. ह्याला टायलिंग विंडो मॅनेजर म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलं. मी म्हणालो, "उसाला पाणी पाजायला वाफे पाडल्यात जणू." "तुज्या डोक्यात ऊसच हाय रं," तो म्हणाला. आणि पुढं, "वरचं दिसावं म्हणून खालचं झाकायचं, हे मला पटत न्हाई गड्या."

अडचण झाली ती त्याच्या बायकोची, शमीमभाभींची. त्या वरच्या मजल्यावर, गुडघे दुखणारे, आणि जेवायची वेळ झाली की जिन्यातून हाका. ह्याला ढिम्म ऐकू येत नाही. फोन टेबलावर पालथा. इतरांच्या कॉम्प्युटरवर निरोप आला की आपोआप पडद्यावर टुपकन उगवतो. निसारच्या ह्या पडद्यावर तसं काहीच नव्हतं. आपण मांडू तेवढंच. एका रविवारी मी गेलो असताना तो ते मांडायला बसला. फोन कॉम्प्युटरला जोडायचा, नोटिफिकेशन दाखवणारा एक छोटा प्रोग्राम आणायचा आणि चिठ्ठी कुठं उगवावी, केवढी असावी, किती वेळ राहावी, हे एकेक ओळ लिहून सांगायचं. पहिली चिठ्ठी उगवली ती ऐन ड्रॉइंगच्या डोक्यावर, लग्नाच्या बॅनरएवढी! मी हसलो, तो चिडला. मग त्यानं ती बारकी केली आणि बसवली... कुठं, ते सांगायला नको. खाली उजव्या कोपऱ्यात.

किती सेकंद दिसावी, तिथं त्यानं शून्य लिहिलं.

"शून्य? मग दिसणारच न्हाई की," मी म्हणालो.

"शून्य म्हंजे जाणारच न्हाई. मी बटण दाबीपर्यंत तितंच." आणि चष्मा पुसत म्हणाला, "दारात आलेला माणूस कडी वाजवून लगीच माघारी जातो व्हय रं? आपण जाऊस्तवर उभा ऱ्हातो."

भाभींनी वरून पहिला निरोप पाठवला, "चहा ठेवू का?" कोपऱ्यात चिठ्ठी उगवली. निसार तिच्याकडं असा बघत राहिला, जणू नवी नवरी उंबऱ्यावर उभी आहे. मग त्यानं बटण दाबलं, चिठ्ठी गेली, आणि तो बहिऱ्या माणसाच्या आवाजात ओरडला, "ठेव!" सगळ्या गल्लीला कळलं, की निसारकडं चहा आहे. पुढं गल्ली हसायला लागली म्हणून ओरडणं बंद झालं. चिठ्ठी दाबली म्हणजे उठलोच, असा त्याचा हिशेब. पण हे वर कसं कळावं? चिठ्ठी वाचल्यावर तो फोन उघडायचाच नाही, त्यामुळं भाभींच्या फोनवर वाचल्याची खूणही यायची नाही. "दाबत्यात आन् परत कामाला लागत्यात," असं त्या मला हमखास सांगायच्या, आणि मीही त्यांचीच बाजू घ्यायचो. ह्या भांडणात मला फार सुख होतं, हे आता कळतं.

चाळीसाव्याला मी सांगलीला गेलो. फातेहा झाली, पाहुणे जेवून पांगले. भाभी म्हणाल्या, "भाऊजी, जरा खाली चला." तळमजल्यावर सगळं तसंच होतं. ऑइलचा वास, खिडकीतून टेबलावर पडलेलं पिवळं ऊन. पडद्यावर ओढणी टाकलेली होती आणि कॉम्प्युटरची खालची पेटी मात्र मंद घरघरत होती. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर ती चालूच राहायची. कुणी विझवलीच नव्हती.

"त्याच दिवशी मी ह्यांचा फोन बंद केला, पडद्याचं बटणबी," त्या म्हणाल्या. "कुणाला हात लावू दिला न्हाई. पुतण्यालाबी न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी त्यांनी "जेवायला या" असा निरोप पाठवला. तो आला नाही. डाळ गार झाली. तेव्हा त्यांनी दुसरा पाठवला, "रोजचंच हाय तुमचं. ऱ्हाऊ द्या, आता येऊच नका." आणि तोंड फिरवून बसल्या. शेवटी खाली उतरल्या तेव्हा...

"ते त्यांनी वाचलं आसंल का, तेवढं सांगा. मी बघणार न्हाई." आणि जिन्याकडं तोंड करून त्या उभ्या राहिल्या.

खरं सांगतो, खोटं बोलायची तयारी करूनच मी ओढणी काढली आणि पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला. डावीकडं यंत्रातल्या कुठल्याशा बुशाचं ड्रॉइंग. उजव्या कोपऱ्यात तीन चिठ्ठ्या, एकीवर एक रचलेल्या, जुनी सगळ्यात खाली. वरची माझी, "रविवारी येतोय." मधली कुपवाडच्या कुणाची तरी, ड्रॉइंगचं काय झालं म्हणून. आणि सगळ्यात खाली, "आता येऊच नका." मी पुन्हा पुन्हा पाहिलं. "जेवायला या" कुठंच नव्हती.

"भाभी, पहिली मिळाली त्याला. ती दाबली त्यानं. निघाला होता तो."

"आन् दुसरी?"

"दुसरी अजून दारातच उभी हाय."

त्या वळल्या. जवळ येऊन, वाकून, स्वतः वाचलं. मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, असं पुतण्या नंतर म्हणाला. मीही रडलो. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "कुठलं बटण दाबायचे?" मी दाखवलं. जुनी आधी जाते. त्यांनी दाबलं, आणि त्यांची चिठ्ठी गेली. पुन्हा दाबलं, कुपवाडची गेली. माझी एकटी उरली तेव्हा मीच हात पुढं केला, पण त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती नको. आन् हे बंदबी करू नका." ओढणी झटकून त्यांनी घडी घातली. "रविवारी या तुमी. जेवायला."

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी सांगलीची एसटी धरतो. जेवण झालं की खाली जाऊन त्याच्या खुर्चीशेजारी बसतो. ऊन सरकत टेबलावर येतं, पेटी घरघरते, मला पेंग येते... आणि डोळे उघडले, की काळ्याभोर पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात, नावाच्या जागी, मी अजून उभा असतो. रविवारी येतोय.