माळकऱ्याच्या डोक्यातली अळी

पोटाच्या तक्रारींचे किस्से कधी एकटे येत नाहीत. सिन्नरच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये एकानं जुलाबाचा सांगितला, की चौघांना आपापले आठवतात, तेही ऐन जेवणात! पण गेल्या वर्षापासून आमच्या टेबलावर कुणी कुणाच्या डब्याला हात लावत नाही. संशय एकदा शिरला की शिरला.

*

पोट बिघडण्यात पहिला नंबर आमच्या शिवाचा. सुट्टीला कुणाच्या मळ्यावर मटण असलं की चुलीपाशी हाच. पातेल्याला उकळी फुटली की याचं सुरू, "मीठ बघतो!" मग शिजलं का बघतो. मग परत मीठ. आम्ही ताटावर बसेपर्यंत याचं पोट भरलेलं, तेही अर्ध्याकच्च्यावर. दुसऱ्या दिवशी शिफ्टला दांडी आणि वर फोन, "मटणवाल्यानं फसवलं राव, लय चिवट होतं!"

*

त्या मटणाला न शिवणारा आमच्यात एकच, विलास. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, लहानपणीच त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातलेली. अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. आणि नेमका तोच एके दिवशी कँटीनमध्ये फिट येऊन पडला! नाशिकला नेलं, डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत अळीची गाठ आहे. डुकराच्या मांसातून जो जंत येतो ना, त्याची."

आम्ही सगळे विलासच्या माळेकडे बघायला लागलो.

शिवा माझ्या कानाशी लागला, "चोरून खायचंच होतं, तर निदान नीट शिजवून तरी खायचं!"

*

घरी तर चौकशी आयोगच बसला. विलासच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा, मला फोन. "भाऊजी, खरं सांगा. हे बाहेर काय खातात?"

मी आपला मित्राला वाचवायला गेलो. "वहिनी, शपथ घेऊन सांगतो, ढाब्यावर तो फक्त शेवभाजी खातो."

"म्हणजे ढाब्यावर जातात!"

त्यानंतर वहिनी त्याच्या शर्टांचा वास घेऊन मगच ते धुवायला टाकायच्या.

*

आप्पांनी विषयच संपवला. "औषध घे, बरा हो. पण डॉक्टरसमोर काय खाल्लं ते कबूल कर आणि माळ उतरव. बाटलेल्या गळ्यात ती नको." एवढा मोठा गडी, पण विलास लेकरासारखा रडला. मेंदूतल्या गाठीची त्याला भीती नव्हती, माळ जाण्याची होती. मला फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, संशय माझाही गेला नव्हता.

*

पुढच्या तपासणीला विलास, वहिनी, आप्पा आणि गाडी चालवायला मी. आप्पांनी बसल्या बसल्या हात पुढे केला, "काढ माळ."

डॉक्टर म्हणाले, "थांबा. मेंदूत गाठ व्हायला मांस खावं लागत नाही. ज्याच्या पोटात तो जंत आहे, त्याचे हात नीट धुतलेले नसले, की जंताची अंडी जेवणातून दुसऱ्याच्या पोटात जातात. विलासनं काही खाल्लेलं नाही."

विलासनं माळ मुठीत घट्ट धरली. वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"घरात कोशिंबीर कोण कालवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आप्पा," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हातची त्यांना चालत नाही."

"घरच्या सगळ्यांची तपासणी केली ती त्यासाठीच. जंत एकाच्याच पोटात सापडला. आणि तो पोटात वाढायला मात्र डुकराचं अर्धंकच्चं मांस खावंच लागतं." डॉक्टरांनी गोळी पुढे सरकवली. "आप्पा, ही तुम्ही घ्यायची."

आप्पांच्या गळ्यातली माळ तेवढी दिसत होती.

"आप्पा," वहिनींनी हळूच विचारलं, "कळवणच्या शेतावर सारखे मुक्कामाला जाता, तिथं असतं तरी काय?"

आप्पांनी गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी घेतलं.

"मक्यात रानडुकरं लय येतात, सूनबाई. बंदोबस्त करावा लागतो."