सासूच्या ताटातली भाकर

आमच्या गोरेगावात सून कशी आहे ते सासूच्या ताटावरून ठरतं. ताटात गव्हाची पोळी असली तर सून गुणाची. ज्वारीची भाकर दिसली की बाया आधी एकमेकींकडे बघतात आणि मग आवाज खाली आणतात. शेजारच्या सीमाबद्दल गावाने असाच आवाज खाली आणला होता. तिचं माझं घर एका भिंतीचं, त्यामुळे त्या घरात काय शिजतं ते मला वासावरून कळायचं. गावाला मात्र ते गिरणीवरून कळत होतं.

सीमाची सासू कौशल्याबाई. नवरा लवकर गेला तेव्हा तिच्या पदरात दोन लेकरं होती आणि वाड्यात बकऱ्या. सकाळी फडक्यात भाकर-चटणी बांधून ती माळाला जायची आणि दिवेलागणीला यायची. अंगाने काडी, पण आवाज असा की गावाच्या शिवेवरून हाक मारली तरी चुकार बकरी मागे फिरायची. बकऱ्यांच्या जिवावर तिने लेक साधना वसमतला दिली आणि प्रभू या पोराला शिकवलं.

प्रभूने जीप घेतली आणि तो गोरेगाव-सेनगाव फेऱ्या मारू लागला. पहिलं काम काय केलं, तर बकऱ्या विकल्या. "जीपवाल्याची माय बकऱ्यामागं हिंडती, हे मला बगवत न्हाई. लई चाललीस माय, आता बसून खाय." आमच्याकडे बसून खाणं यासारखा दुसरा मान नाही. तिला पलंग आला, डोक्यावर पंखा आला, समोर टीव्ही आला. बकऱ्यांच्या मागोमाग भाकरही घराबाहेर गेली. दोन्ही वेळा पोळ्या, दुधाचा गोड चहा, त्यात बुडवायला बिस्किटं. कौशल्याबाई भरत गेली. बाया कौतुकाने म्हणायच्या, "सुख मानवलं बाई!" कोणी वाईट चिंतलं नव्हतं. सगळ्यांनी मायाच केली होती.

एकदा संक्रांतीला गावात तिळगूळ देऊन कौशल्याबाई घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून. मी सीमाच्याच अंगणात शेंगा निवडत बसले होते.

"आत्याबाई, दुसरी चप्पल कुठंय?" सीमाने विचारलं.

"पायातच हाय की."

"कुठंय? बगा तर."

तिने खाली पाहिलं आणि तिलाच हसू आलं. "अगं बया! रस्त्यात गळाली वाटतं. कळलंच न्हाई."

मीही हसले. सीमा हसली नाही. ती हातातलं सूप ठेवून तिथेच खाली बसली. तिचे वडील संतराम कनेरगाव नाक्यावर धाबा चालवायचे. त्यांच्याही पायातून अशीच चप्पल गळायची आणि धाब्यावरची माणसं चेष्टा करायची. साखरेने पायातली जाणीव जात होती, हे कळलं तोवर गुडघ्याखालचा पाय काढायची वेळ आली होती. लग्नाआधी त्या पायाचं ड्रेसिंग सीमानेच केलं होतं. पुढे वडील फार जगले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी तिने प्रभूची फेरी बंद ठेवायला लावली आणि सासूला हिंगोलीला नेलं. तिला वाटलं तेच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोड बंद करा, रोज चाला, पायाला जपा म्हणाले. सांगायला सोपं होतं.

पहिलं भांडण ताटावर झालं.

"माझ्या ताटात भाकर? मी काय सालगडी हाय व्हय?"

"मी बी भाकरच खाऊन राहिले ना. हे बगा माझं ताट."

"तू खाय. तुला कोन बगतंय?"

सीमाने हट्ट सोडला नाही. आधी वाटीभर अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, मटकीची उसळ, मग भाकर आणि ताक. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच. चहा बिनसाखरेचा. झोपण्याआधी सासूचे पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्या बघायच्या. "हे काही मी माहेराहून न्हाई आणलं," ती सासूला म्हणायची. "माळावर तुमी हेच खायच्या आन् दिसभर चालायच्या. मी लग्न होऊन आले तवा तुमच्यासंगं चालताना मला धाप लागायची."

कौशल्याबाईला हे ऐकायला आवडायचं, पण चालायचं नाव काढलं की ती पलंग सोडायची नाही. "रिकाम्या हातानं कुठं जाऊ? येडी झाली म्हनतील लोकं."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे बाई रस्त्यावर दिसली की तिच्या हातात काहीतरी लागतं. घागर, विळा, गेलाबाजार कडेवर एखादं लेकरू. नुसतं चालण्यासाठी चालणारी म्हातारी म्हणजे घरातून रुसून निघालेली, नाहीतर काढून दिलेली. यावर सीमाने तोड काढली. पुंजाजीची गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकर थापताना तुटते, हे कौशल्याबाईला सांगावं लागत नव्हतं. तेव्हा रोजच्यापुरती ज्वारी एका लहान डब्यात घालून सीमाने तो सासूच्या हातात दिला.

कौशल्याबाई निघाली. डबा काखेत, डोईवर पदर, जशी काय मोहिमेवर. पंधरवड्यात तिची चाल सुधारली. सीमा भिंतीवरून मला म्हणाली, "काकू, पीठ बी ताजं आन् आमची सासू बी ताजी!" तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

पण हिंगोलीला तपासलं तर साखर जिथल्या तिथे. डॉक्टर सीमालाच रागावले. घरी येऊन तिने प्रभूला धरलं, "तुमी मायला पेढे आणून देता का?" त्याने लेकरांच्या शपथा घेतल्या. तिने डबे हुडकले, पलंगाची गादी उलटली. काही सापडलं नाही. मग तिने भाकर आणखी लहान केली. रात्री प्रभूने विचारलं, "तू खरंच पोटभर घालती ना मायला?" हे तिने दुसऱ्या दिवशी मला भिंतीवरून सांगितलं.

गिरणीवर काय चाललं होतं ते आम्हाला बरंच नंतर कळलं. पुंजाजीची बायको शिला मनाने मोठी. आजारी म्हातारी डबा घेऊन दळणाला येते हे पाहून तिचा जीव तुटायचा. "बसा मावशी. घरी कोन देतं तुमाला," म्हणत ती कपभर गोड चहा पुढे करायची, जोडीला कधी लाडू, कधी खारी. कौशल्याबाई नको म्हणायची नाही. कोणी विचारलंच, "काहून मावशी, सून पोळ्या करत न्हाई?" की ती पदर डोळ्याला लावून म्हणायची, "भाकर लिवली हाय नशिबात." दळणाला आलेल्या बाया चुकचुकायच्या आणि ते चुकचुकणं जिच्या तिच्या घरी जायचं. कोणीतरी ते फोनवरून वसमतलाही पोचवलं.

दसऱ्याच्या आधी साधना आली. अंगणातच बोलायला लागली.

"माझी माय दळण वाहून राहिली गावभर! प्रभू, तुझ्या जीपीत तिला जागा न्हाई व्हय रे?"

"अक्का, तसं न्हाई—"

"ताई, साखर हाय त्यांना. डॉक्टरनं चालायला लावलं," सीमा म्हणाली.

"साखर माझ्या सासूला बी हाय. तिला मी गिरणीवर धाडत न्हाई."

"मग त्यांनाच विचारा. मी उपाशी ठेवलं का? मारून धाडलं का?"

सगळ्यांनी कौशल्याबाईकडे पाहिलं. मीही भिंतीपलीकडून पाहिलं. ती ओसरीच्या काठावर बसून पदराची दशी ओढत होती. मग म्हणाली, "चार दिस लेकीकडं जाऊन येते."

प्रभूला वाटलं वाद मिटला. सीमाने पिशवीत गोळ्या घातल्या, ज्वारीचं पीठ घातलं. साधनाने पीठ काढून ओट्यावर ठेवलं. "आमच्याकडं हाय पीठ. गव्हाचं."

मग बायांच्या नजरा टाळायला सीमा गिरणीवर भर दुपारी जाऊ लागली, कोणी नसताना. रोज वसमतला फोन करायची. गोळी घेतली का, पाय बघितले का. साधना एकदा वैतागून म्हणाली, "आमी पाय धुऊन पानी पितो तिचे, तू कायला काळजी करती?"

साधनाही काही वाईट नव्हती. तिने मायला पुरण घातलं, खीर घातली आणि बाजारातून सोनेरी पट्ट्याच्या नव्या सँडल आणल्या. जन्मभर रबरी चप्पल वापरलेल्या कौशल्याबाईने त्या घालून लेकीची सगळी गल्ली पाहिली. पट्टा बोटांत घासला. फोड आला, फुटला, चिघळला. पाय दुखलाच नाही, म्हणून कोणी बघितला नाही. वास यायला लागला तेव्हा बघितला. नांदेडला नेलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

सीमा नांदेडला गेली आणि सासूजवळ राहिली. साधना दवाखान्याच्या जिन्यात बसून रडत होती. "मला कुठं म्हाईत होतं सीमा. दुखलं असतं तर ती बोलली असती ना गं."

"दुखत न्हाई, ताई. तेच तर मी सांगून राहिले होते," सीमा म्हणाली आणि तिच्यासाठी चहा आणायला गेली.

कौशल्याबाई गोरेगावला परत आली तेव्हा गाव म्हणालं, सुनेने चालवून चालवून सासूचा पाय घालवला. हेही सीमाच्या कानावर गेलं. ती कोणाशी भांडली नाही. जखम भरेपर्यंत सासूला चालायची मनाई होती. हिवाळाभर ती पलंगावर बसून ताटात येईल ते खाई, भाकर केवढीही असो. गोडाचं नाव काढत नव्हती. प्रभू तिच्या नजरेला नजर देत नव्हता. एक दिवस म्हणाला, "माय, दोन बकऱ्या आणू का गं? तुझा वेळ जाईल."

"आन् बकरी पळाली तर? तिच्यामागं मी काय तुझी जीप घेऊन जाऊ?"

प्रभू हसला. मग बाहेर जाऊन जीपचं टायर बघत उभा राहिला.

शिमग्याच्या सुमाराला डॉक्टरांनी मऊ तळाची खास चप्पल घालून थोडं चालायला परवानगी दिली. कौशल्याबाई पहिल्या दिवशी उठली ती ज्वारीचा डबा काखेत मारून थेट गिरणीच्या वाटेला लागली. सीमा "तिकडं नको" म्हणत मागे धावली. मीही निघाले. म्हातारी पडते की काय अशी भीती वाटत होती. तोल एका बाजूला जायचा.

गिरणीवर बाया होत्याच. शिलाने लगबगीने स्टूल दिलं आणि सवयीने कप भरला. "काय हाल केले मावशी तुमचे," असं म्हणताना तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून सीमाकडे पाहिलं.

कौशल्याबाईने कप घेतला नाही. "शिले, हितं रोज येऊन मी तुजा गोड च्या पिले. लाडू खाल्ले. हिला कळू दिलं न्हाई."

गिरणी चालू होती. कोणाला ऐकू गेलं, कोणाला नाही. पुंजाजीने पट्टा काढून गिरणी थांबवली.

"घरी पोरगा आन् सून दोगं मला सांगायचे, हे खाय, ते नको खाऊ. हितं तुमी माजी कीव करायच्या. ते मला बरं वाटायचं. हिला नावं ठेवायच्या तवा बी मी गप बसले. साधना न्यायला आली तवा बी गप बसले. हिनं मला कधी उपाशी ठिवलं न्हाई."

शिलाचा कप हातातच राहिला. "आता मला काय म्हाईत, मावशी? तुमी तर पदर डोळ्याला लावायच्या!"

एक बाई फिसकन हसली आणि गप झाली. कोणी सीमाकडे बघेना. सीमा डब्याचं झाकण लावत होती आणि ते काही केल्या लागत नव्हतं. तिने सासूला हाताला धरून उठवलं आणि दोघी घरी आल्या.

संध्याकाळी मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. मला वाटलं होतं, तिच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. तिने भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"दसऱ्याआधी बोलल्या असत्या तर बोटं राहिली असती, काकू."

"अगं, पण चारचौघीत बोलल्या. त्या वयाला सोपं नसतं."

"व्हय. सोपं न्हाई," ती म्हणाली. मग भाकर उलटत, "माझा बाप बी असाच धाब्यामागं जाऊन जिलबी खायचा. मला म्हाईत होतं. लेक होते, म्हनून त्याच्यावर वरडले तरी कोनी नाव ठेवलं न्हाई. हितं मी सून हाय."

आता रोज सकाळी सेनगाव रस्त्याच्या वळणापर्यंत दोघी जातात. दोघींचे हात रिकामे असतात. बाया अजूनही बघतात. सीमा भांडी तशीच टाकून निघते, पुढे चालते, फारसं बोलत नाही. "सीमे, जरा हळू," असा आवाज मागून आला की वळून न बघता पाय आवरते. तिसऱ्या बोटाचा रंग डॉक्टरांना पटलेला नाही. दर आठवड्याला ते बघतात आणि पुढच्या आठवड्याला यायला सांगतात.

परवा मी भिंतीवरून पाहिलं. फिरून आल्यावर सीमाने पाटावर बसून सासूचा पाय मांडीवर घेतला, धुतला, पुसला आणि उजेडाकडे वळवून एकेक बेचकी फाकवून बघितली.

"दिसतंय का काई?" कौशल्याबाईने विचारलं. तिची नजर पायाकडे नव्हती, सुनेच्या तोंडाकडे होती.

"न्हाई. आज तरी न्हाई," सीमा म्हणाली आणि दुसरा पाय घेतला.