बोलावणं नसलेली आई

आमच्या मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलींनी दहावीच्या पुढे शिकावं म्हणून पेण-रोह्याच्या काही शिक्षिकांनी काढलेलं हे मंडळ. स्मरणिकेत छापायचंय, जरा गोड लिहा, असंही वर सुचवलंय. गोड मला जमत नाही. झालं तसं लिहिते.

सुरुवातीला या बायका गावोगाव सभा घ्यायच्या आणि सभेला चिटपाखरू फिरकायचं नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवू. बायका वाणासाठी येतील, तेवढ्यात कॉलेजचं बोलून घेऊ. युक्ती लागू पडली. कासूजवळच्या आमच्या गावात शाळेचा वर्ग गच्च भरला.

माझी आई मात्र घरी. वडील आदल्याच साली गेलेले. ती मिठागरावर कामाला जायची. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं कोण करणार? एवढ्या शिकल्यासवरल्या बायका, पण बाप गेला की पोरीची शाळा आधी सुटते, हे एकीच्याही ध्यानात येऊ नये! काकांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. दहावीची परीक्षा झाली की बार उडवायचा. आई एकटी दिरापुढे काय बोलणार?

बोलावणं नसताना ती गेली. मी मागोमाग, लाजेने अर्धमेली. तिला दारात बघून कुंकवाचा करंडा धरलेल्या मंडळाच्या बाईंना पुढे यावं की मागे सरावं, कळेना.

“मना कुकू नको, बाय,” आई म्हणाली. “माजे पोरीला शिकाचा हाय. तिचे काकाशी कोन बोलंल, तवरा सांगा.”

त्या बाईंनी करंडा खाली ठेवला आणि आमच्याबरोबर काकांच्या घरी आल्या. काका ऐकेनात. बाईही हलेनात, संध्याकाळची गाडी गेली तरी बसून राहिल्या. शेवटी काका वैतागले. “शिकवा मंग! उद्या कोनी केली नाय तिला, तं माजेकडं येऊ नका.”

मी शिकले. आता त्याच मंडळात आहे. हळदीकुंकू आम्ही बंद केलं. नुसता तिळगूळ असतो आणि बोलावणं घराघरातल्या प्रत्येकीला. पहिलं बोलावणं मी आईला करते. ती येते आणि दरवर्षी दाराशीच बसते. यंदा मी चिडलेच, म्हटलं, “आता तरी आत येऊन बस गो!”

“नको,” ती म्हणाली. “भायेर कोन उबी रायली, तं मना हितून दिसंल.”